शेजारचा फोकस, आमची उशी : वाचकांचे प्रश्न

घराबाहेरच्या दिव्यांविषयीच्या पत्रांत एक गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा येतं : दिवा शेजाऱ्यांचा आणि उजेड आमच्या खोलीत. कुणाची झोप मोडते, कुणाचं शेजाऱ्यांशी बोलणं बंद पडतं. बहुतेक वेळा हा त्रास थोड्या कामात मिटू शकतो, म्हणून उत्तरांत मापं आणि कृती दोन्ही दिली आहेत.

प्रश्न : शेजाऱ्यांनी भिंतीवर ५० वॅटचा एलईडी फोकस लावला आहे. तो थेट आमच्या झोपायच्या खोलीत येतो. बंद करा म्हटलं की ते चोरांची भीती सांगतात. काय बोलावं?

‘बंद करा’ म्हणू नका, ‘खाली वळवा’ म्हणा. बंद करा म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपली सुरक्षितताच काढून घेतायत. खाली वळवायला दोन बोल्ट सैल करावे लागतात, आणि त्यांचं अंगण आधीपेक्षा जास्त उजळतं.

५० वॅटचा एलईडी फोकस साधारण ४५०० ते ५००० ल्युमेन उजेड देतो (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ८०० ल्युमेनच्या आसपास द्यायचा. म्हणजे तसे सहा बल्ब एका तळहाताएवढ्या काचेमागे कोंबलेले आहेत. हे फोकस बहुतेक ठिकाणी ४५ अंशांत तिरके बसवतात, कारण उजेड लांब जावा अशी बसवणाऱ्याची इच्छा असते. पण साध्या फोकसचा झोत सुमारे १२० अंशांत पसरतो. काच ४५ अंश तिरकी ठेवली, की झोताची वरची कड क्षितिजाच्याही १५ अंश वर जाते. तुमच्या खोलीत येतो तो हा वरचा, त्यांनाही न लागणारा उजेड.

काम असं करायचं. फोकसचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा आणि दिवा गार होऊ द्या. यू आकाराच्या ब्रॅकेटचे दोन्ही बाजूंचे बोल्ट पाऊण फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. काच जमिनीला समांतर होईपर्यंत फोकस खाली वळवा, काचेवर लेव्हल ठेवून बघा आणि बोल्ट आवळा. आत स्प्रिंग वॉशर नसेल तर टाका, नाहीतर वाऱ्याने फोकस हळूहळू फिरत जुन्या जागी येतो आणि दोन महिन्यांनी तक्रार पुन्हा सुरू होते. वायरीला दिव्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न जाता तिथेच गळून पडतं. काही फोकसांच्या मागचे पंखे, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, भिंतीला अडतात आणि काच सपाट होत नाही. तिथे भिंतीपासून वीतभर पुढे येणारा अँगल लावून त्यावर फोकस बसवावा लागतो.

‘मग अंगणात अंधार होईल’ ही शंका येणारच. ३ मीटर उंचीवर सपाट बसवलेला ५० वॅटचा फोकस थेट खाली जवळपास १७५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडलेल्या उजेडाचं माप) देतो आणि ५ मीटर दूर गेल्यावरही १० लक्सच्या आसपास. पौर्णिमेचं चांदणं फार तर पाव लक्सच्या आसपास असतं. तेव्हा ये-जा करायला आणि माणसाचा चेहरा ओळखायला हा उजेड भरपूर आहे. खरं तर एवढ्या अंगणाला २० वॅट पुरतात.

चोरांच्या भीतीला शब्दांनी उत्तर देऊ नका. संध्याकाळी शेजाऱ्यांना घेऊन त्यांच्याच फाटकापाशी उभे राहा. फोकस तिरका असताना घराकडे बघा : दिव्याखालची भिंत, दार, कोपरा सगळं काळं दिसतं. आता हात लांब करून तळव्याने फक्त दिवा झाका. क्षणात दाराची कडी आणि भिंतीशी टेकवलेली शिडीही दिसू लागते. डोळा समोरच्या सर्वांत तेजस्वी गोष्टीशी जुळवून घेतो, म्हणून दिपवणाऱ्या दिव्याआड माणूस आरामात लपू शकतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पाना शोधायला ते स्वतःच जातात.

प्रश्न : फोकस सपाट केला, तरी पलंगावरून त्याची काच दिसते आणि डोळ्यांत खुपते. आमची खोली तळमजल्यावर आहे.

तुमची खिडकी दिव्याच्या उंचीच्या खाली असल्यामुळे असं होतं. खिडकी दिव्याच्या वर असती, तर सपाट काच तुम्हाला दिसलीच नसती. आता फोकसला तुमच्या बाजूने पत्र्याची झालर लावायची. किती खोल, ते अंदाजाने ठरवू नका, हिशेब सोपा आहे.

तीन मापं घ्या : काचेची तुमच्या दिशेतली रुंदी, काच आणि तुमच्या खिडकीची खालची कड यांच्या उंचीतला फरक, आणि दोघांमधलं आडवं अंतर. रुंदीला उंचीच्या फरकाने गुणा आणि अंतराने भागा. समजा, काच १५ सेंटीमीटर रुंद आहे, फोकस ४ मीटरवर, खिडकीची खालची कड १ मीटरवर आणि मधलं अंतर ८ मीटर. उंचीचा फरक ३ मीटर. १५ गुणिले ३ भागिले ८ म्हणजे ५.६ सेंटीमीटर. पत्रा वाकण्या-हलण्याची सूट धरून ७ सेंटीमीटरची झालर करा. ती काचेच्या दोन्ही टोकांना काटकोनात वळवून थोडी मागे न्या, नाहीतर बाजूने उजेड निसटतो.

पत्रा ॲल्युमिनियमचा, १ मिलिमीटर जाडीचा. आतली बाजू उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाने रंगवा. बहुतेक जण इथेच चुकतात : आतली बाजू पांढरी किंवा चकचकीत राहिली तर झालरच उजळते आणि दिव्याऐवजी पत्रा डोळ्यांत येतो. दुसरी चूक म्हणजे फोकसच्या बॉडीला भोक पाडून स्क्रू मारणं. त्या भोकातून पहिल्याच पावसात पाणी शिरतं, काचेआड वाफ धरते आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, जळतो. झालर ब्रॅकेटच्या बोल्टाखालीच अडकवा. मागचे पंखे झाकू नका, एलईडीची उष्णता तिथूनच बाहेर पडते. आणि दिवा त्यांचा आहे, म्हणून काम त्यांच्या परवानगीने, शक्य तर त्यांच्याच इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पत्र्याचा खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवली तर बोलणं पुष्कळ सोपं होतं.

प्रश्न : शेजारी म्हणतात, ‘एवढासा तर उजेड आहे.’ किती आहे हे मोजून दाखवता येईल का?

येईल. आधी विनाखर्चाची परीक्षा करा. खोलीतले सगळे दिवे घालवा आणि समोरच्या भिंतीकडे बघा. खिडकीच्या ग्रीलची सावली रेखीव, काठ धरून पडत असेल तर उजेड एकाच दिव्यातून थेट येतोय आणि वळवणं किंवा झालर हा उपाय लागू पडेल. सावली पुसट असेल किंवा नसेलच, तर उजेड एखाद्या पांढऱ्या भिंतीवर आपटून येतोय. तिथे झालरीचा उपयोग नाही. वॅट कमी करणं किंवा झोत त्या भिंतीवरून हटवणं, एवढंच चालतं.

आकडा हवा असेल तर लक्स मीटर आणा. खिडकी उघडा, खोली अंधारी ठेवा, मीटरचा पांढरा घुमट खिडकीच्या मधोमध, बाहेर तोंड करून, तावदानाच्या पातळीत उभा धरा. दिवा चालू असताना एक नोंद, बंद असताना एक नोंद. दोन्हींतला फरक म्हणजे त्या दिव्याचा वाटा. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या, म्हणजे सीआयईच्या, १५० क्रमांकाच्या मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या आवृत्तीत खिडकीवर पडणाऱ्या उजेडाच्या मर्यादा सुचवल्या आहेत. उपनगरी वस्तीत रात्री उशिरापर्यंत १० लक्स आणि त्यानंतर २ लक्स. गावाकडच्या वस्तीत ५ आणि १, गजबजलेल्या शहरी भागात २५ आणि ५. ही शिफारस आहे, सगळीकडचा कायदा नव्हे, पण बोलायला पक्का आधार मिळतो. ५० वॅटचा फोकस ८ मीटरवरून खिडकीकडे तोंड करून असेल तर २५ लक्सच्या आसपास पडतात. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, तरी १६ मीटरवर ६ लक्स उरतातच.

फोनमधल्या ॲपवर आकड्यासाठी विसंबू नका. कमी उजेडात ती बरीच चुकतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करण्यापुरती चालतील. अँड्रॉइड फोनचा सेन्सर पडद्याच्या बाजूला वर असतो, म्हणून पडदा दिव्याकडे धरावा लागतो. फोटो काढणार असाल तर ऑटोवर काढू नका, कारण कॅमेरा अंधाऱ्या खोलीला आपोआप उजळतो आणि पुराव्याची किंमत जाते. प्रो मोडमध्ये आयएसओ ४०० आणि शटर १/१५ असं काहीतरी ठरवा आणि दोन्ही फोटोंना तेच ठेवा.

आकडा कमी आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. लक्स हे पडलेल्या उजेडाचं माप आहे, डोळे दिपण्याचं नाही. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाच्या डोळ्यात तोच उजेड विखुरतो आणि तरुणाला न जाणवणारा दिवा त्यांना असह्य होतो. घरात वडीलधारी माणसं असतील तर शेजाऱ्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न : ते काहीच ऐकत नाहीत. जाड पडदे लावले, तरी खोली उजळतेच.

कापड जाड असूनही उजेड येतो तो कडांनी. रात्री दिवा चालू असताना पडदा ओढून बघा : वर दांडीपाशी एक पांढरा पट्टा आणि दोन्ही बाजूंना भिंतीवर उभ्या रेघा दिसतील. दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्हीकडे १५ ते २० सेंटीमीटर लांब आणि चौकटीच्या वर किमान १५ सेंटीमीटर घ्या. टोकं भिंतीकडे वळलेली दांडी मिळाली तर बाजूची फट बंद होते. नाहीतर पडद्याची कड वेल्क्रोने भिंतीला चिकटवा. वरच्या पट्ट्यासाठी पेल्मेट, म्हणजे दांडी झाकणारी पेटी, हवं. मधोमध दोन पडदे जिथे भेटतात तिथे १० सेंटीमीटर एकमेकांवर येऊ द्या. इतकं केल्यावर साध्या पडद्याला ब्लॅकआउट आस्तर शिवून घेतलं तरी पुरतं.

दोन उपाय लोक उत्साहाने करतात आणि फसतात. एक, दुधी काच किंवा दुधी फिल्म. ती उजेड अडवत नाही, पसरवते. आधी खिडकीत एक झगझगीत ठिपका होता, आता अख्खी खिडकी उजळून निघते. दुसरा, आरसा-फिल्म. ती रात्री उजेड थोडा मंदावते, पण खरा उपयोग दिवसाचा. शिवाय तारेच्या किंवा दुहेरी काचेवर गडद फिल्म लावली तर ऊन तापून काच तडकू शकते. झाडांच्या कुंपणाचा उपाय चांगला आहे, मात्र त्याला काही वर्षं द्यावी लागतात आणि पानगळीच्या झाडांचा काही महिने उपयोग होत नाही.

प्रश्न : समोरच्या घराचा सेन्सरचा दिवा रात्रभर बंद-चालू होतो. सतत पेटलेला परवडला. दोष कशात आहे?

आधी घड्याळ लावून बघा. दिवा ठरावीक अंतराने, रस्त्यावर कुणी नसतानाही उघडझाप करत असेल, तर अंधार ओळखणारा फोटोसेल स्वतःचाच उजेड बघतोय. अंधार झाला की दिवा लागतो. त्याचा उजेड जवळच्या भिंतीवरून किंवा छपराच्या खालच्या बाजूवरून परतून फोटोसेलवर पडतो. त्याला वाटतं उजाडलं, म्हणून दिवा बंद, आणि पुन्हा अंधार. फोटोसेल दिव्यापासून दूर, मोकळ्या आकाशाकडे वळवला किंवा त्याला लहानशी टोपी केली की हे थांबतं.

अंतर अनियमित असेल तर हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर नको तिथे बघतोय. हा सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो : माणूस, मांजर, तापलेली गाडी, एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा, उन्हाने तापलेल्या फांद्यांचं हलणं. त्याच्यासमोरून आडवं जाणारं त्याला चटकन कळतं, सरळ त्याच्याकडे येणारं उशिरा. रस्त्याकडे तोंड असेल तर प्रत्येक वाहन त्याला जागं करणारच. उपाय : सेन्सर २ ते अडीच मीटर उंचीवर, थोडा खाली झुकवून, फाटकाच्या वाटेला आडवा लावायचा. भिंगाचा रस्त्याकडचा भाग काळ्या चिकटपट्टीने झाका, पट्टी थोडी थोडी वाढवत जा आणि प्रत्येक वेळी चालून बघा. खालच्या बाजूला तीन खुंट्या असतात. ‘टाइम’ एक-दोन मिनिटांवर ठेवा. अगदी पाच-दहा सेकंदांवर ठेवला तर उघडझाप वाढते. ‘सेन्स’ कमी करा. ‘लक्स’ पूर्ण अंधाराच्या बाजूला फिरवा. वीज जोडल्यावर पहिलं मिनिटभर सेन्सर स्थिरावत असतो, तेव्हा दिवा लागला तर लगेच खुंट्या फिरवू नका.

एवढं करूनही थांबलं नाही तर तो पीआयआर नसून मायक्रोवेव्ह सेन्सर असेल. त्याच्या लहरी काचेतून आणि पातळ भिंतीतून पार जातात, चिकटपट्टीला तो दाद देत नाही. त्याची संवेदनक्षमता कमी करा, नाहीतर बदलून पीआयआर लावा.

प्रश्न : शेजारच्या कॅमेऱ्यालाच पांढरा दिवा आहे, तो रात्रभर जळतो.

रात्रीही रंगीत चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यांना असे एलईडी असतात. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये रात्रीच्या दिव्याची सेटिंग बघायला सांगा. बहुतेकांत तीन पर्याय मिळतात : कायम पांढरा, कायम इन्फ्रारेड, किंवा हालचाल दिसली तरच पांढरा. दुसरा किंवा तिसरा निवडला की प्रश्न मिटतो आणि कॅमेरा चालूच राहतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या इन्फ्रारेडचा अंधुक लाल ठिपका दिसेल, त्याने खोली उजळत नाही.

प्रश्न : आमच्याच दिव्याबद्दल शेजारून तक्रार आली आहे. पांढऱ्याऐवजी पिवळा लावला तर पुरेल का?

तुम्ही स्वतःहून विचारलंत, याचा मनापासून आनंद आहे. पिवळ्याने फायदा होतो, पण तो एकटा पुरणार नाही. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप : आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेल्या कूल डेलाइटमध्ये निळा भाग खूप असतो. ‘आता दिवस आहे’ हा निरोप मेंदूला देणाऱ्या डोळ्यांतल्या खास पेशी २००२ साली उलगडल्या. त्यांतलं मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. म्हणून बाहेर २७०० ते ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट लावा. किडेही त्यावर कमी येतात. पण ल्युमेन तेवढेच आणि काचेचं तोंड तेच राहिलं, तर डोळे दिपायचे ते दिपणारच. जुन्याच फोकसवर पिवळा जिलेटिन कागद चिकटवू नका, तो उष्णतेने आक्रसतो आणि काही दिवसांत फिका पडतो.

आता डार्कस्काय इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाणारी संस्था आणि इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटी यांनी २०२० मध्ये बाहेरच्या उजेडाची पाच तत्त्वं मांडली : गरज असेल तरच, हव्या त्याच जागी, हवा तेवढाच, हवा तेव्हाच, आणि उबदार रंगाचा. तुमच्या बाबतीत पहिलं काम दिशा, दुसरं वॅट, तिसरं टायमर किंवा सेन्सर, आणि रंग शेवटी. कामं झाली की शेजाऱ्यांच्या खोलीत जाऊन, त्यांच्या पलंगावर बसल्यावर काच दिसते का ते बघा. आपल्या अंगणातून हे कळत नाही.

प्रश्न : त्यांचा उजेड आरसा लावून त्यांच्याकडेच परत पाठवला तर?

नका करू. परतलेला झोत कुठे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. तो तिसऱ्याच घरात किंवा गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो. शिवाय तक्रार घेऊन गेलात की दोष तुमच्यावर येतो.

प्रश्न : शेजारचा दिवा लागल्यापासून गच्चीतल्या शेवंतीला कळ्याच धरत नाहीत. याचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि या प्रश्नाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. शेवंती रात्रीची लांबी मोजते. सलग, न मोडलेली लांब रात्र मिळाली तरच ती कळ्या धरते. मध्ये उजेड पडला की तिच्या लेखी रात्र तुटते आणि झाड नुसतं पाल्याला वाढत राहतं. कलांचो आणि पॉइनसेटियाही तसेच. इथे एक गोष्ट उलटी आहे : वनस्पतीतला फायटोक्रोम, म्हणजे उजेड ओळखणारं रंगद्रव्य, ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडाला सर्वांत संवेदनशील असतो आणि वॉर्म व्हाइट दिव्यात लाल भरपूर असतो. म्हणजे शेजाऱ्यांनी दिव्याचा रंग बदलला तर तुमची झोप सुधारेल, शेवंती मात्र तशीच राहील.

कुंडी हलवता येत असेल तर दिव्याच्या आड, कठड्याच्या सावलीत ठेवा. दिवसाचं ऊन मिळालं पाहिजे. हलवता येत नसेल तर काड्यांचा सांगाडा करून त्यावर दुहेरी काळं कापड टाका, पानांना चिकटू देऊ नका, नाहीतर ओल धरून बुरशी येते. कापड दिव्यासमोर धरून पाहा, ठिपके दिसले तर आणखी एक पदर घ्या. रोज १३ ते १४ तास अंधार, एकही रात्र न चुकवता, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. तीन-चार आठवड्यांत टोकाशी बारीक कळ्या दिसू लागतात आणि जातीप्रमाणे सात ते दहा आठवड्यांत फूल येतं. खरंच दिव्यामुळे अडलंय का हे कळायला दोन कुंड्या झाका आणि एक उघडी ठेवा. कापडाखाली फार गरम झालं तर कळ्या उशिरा धरतात, म्हणून उन्हं पूर्ण उतरल्यावरच झाका आणि खालच्या कडेला हवा खेळेल एवढी फट दिव्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा.